कारा-जारच्या काट्यांत

कारा-जारच्या दरीत आम्ही निघालो ते अक्रोडाची रोपं आणायला! कस्तुरी नाही, अस्वलाचं कातडं नाही. फक्त रोपं. आणि तीही गवतकापणी सुरू व्हायच्या आत.

कारण जंगल खात्यानं आम्हाला सांभाळायला दिलेला अक्रोडाचा तुकडा बघून खात्याचे साहेब आबांना बजावून गेले होते, "ताशतेमीर, तुमच्या तुकड्यात सगळी झाडं म्हातारी. एक पोर नाही! कापणीच्या वेळी परत येईन. तेव्हाही नसलं, तर तुकडा दुसऱ्याला."

दुसऱ्याला? आमचा तुकडा? तिथं मी चालायला शिकले! शरद आला की सगळं गाव अक्रोडाच्या जंगलात मुक्कामाला. आबा पार शेंड्यावर चढून फांद्या गदागदा हलवायचे, खाली आम्ही पोरी डोक्यावर टोपल्या धरून किंचाळत पळायचो. सालींनी हात काळेकुट्ट व्हायचे आणि ते हात आम्ही महिनाभर वर्गात मिरवायचो. दमलं की तिथंच गवतात लोळायचं, कारण आबांचा तुकडा म्हणजे कसा, नुसता गालिचा! काटा म्हणून नाही. अशी जागा हातची जाऊ द्यायची?

तर आम्ही तिघं आणि बूरुल घोडा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ ताशतेमीर; गवत कापण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दुसरी सालकिन एजे, माझी आत्या, आबांशी भांडल्याशिवाय जिला चहा गोड लागत नाही. कारा-जारला माणूस जात नाही, तेव्हा तिथं कोवळे अक्रोड असणारच, ही कल्पना तिचीच.

वाटेत काटेरी फांदी दिसली रे दिसली की आबांचा कोयता चालायचा. खचाक्!

"आके, पुरे की!" एजे आपल्या थोरल्या भावावर करवादली. "जंगल आहे हे, तुमची दाढी नाही."

"काटा दिसला की हात शिवशिवतो, त्याला मी काय करू?"

"खिशात घाला हात!"

मी हसतेय तोच नदीचा आवाज आला. वरचा बर्फ वितळून नदी गढूळ, फुगलेली, दगड गडगडवत चाललेली. "बूरुलची शेपटी धर आणि सोडू नकोस!" आबा ओरडले. पाणी कमरेला लागलं. बूरुलचा पाय घसरला. मी बुडाले! नाकातोंडात पाणी! शेपटी मात्र सोडली नाही. पलीकडे पोचलो तेव्हा नानची पिशवी वाहून गेली होती. उरलं होतं फक्त एजेच्या खिशातलं कुरुत. ते खारट, वाळक्या दह्याचे गोळे चघळत आम्ही चढू लागलो.

पुढे दरड कोसळून वाट गायब. खिंडीत गारा. आणि शेवटी, दरी समोर दिसत असताना, माझ्या पायाखालची माती सुटली.

"आबाऽऽ!"

मी घसरत सुटले. दगड, आभाळ, दगड! हाताला काहीच लागेना. खाली कडा होता. आणि एकदम, खर्रर्र! मी थांबले. जंगली गुलाबाच्या भल्यामोठ्या जाळीत मी अडकले होते. अंगभर काटे, वेणी फांद्यांत गुंतलेली, पण जिवंत!

मान हलवता येत नव्हती, म्हणून समोर जे होतं तेच बघत बसले. माझ्या नाकासमोर तांबूस पानं होती. चुरगाळून वास घेतला. अक्रोड! त्याच्यामागे दुसरं. पलीकडे माझ्या उंचीचं तिसरं. ज्या जाळीनं मला धरून ठेवलं होतं, तिच्या पोटात अक्रोडाची पोरंच पोरं!

दोर टाकून आबा आणि एजे खाली उतरले. आबांनी मला सोडवलं आणि लगेच कुदळ उचलली. सगळ्यात लहान रोप निवडलं. खणत गेले, खणत गेले. हात कोपरापर्यंत आत गेला तरी मूळ संपेना. मग कट्! मूळ तुटलं. पानं त्यांच्या तळहातावर पडून राहिली.

मला वाटलं, आता एजे टोमणा मारणार. ती खाली बसून खड्ड्यात माती लोटू लागली.

आबांनी बाहेर पाहिलं. जाळीबाहेर रानबोकडांनी सगळं कुरतडून टाकलं होतं. तिथं एकही रोप नव्हतं. "काट्यांतच जगलीत ही," ते म्हणाले. "आईच्या वेळी आपल्याकडेही अशा जाळ्या होत्या, सालकिन. मी काढल्या. गवत जास्त यावं म्हणून. आणि आई सगळ्यांना सांगायची, माझा तेमीर किती कष्टाळू."

"मग आता?" मी विचारलं. "एखादं तरी नेऊ या ना! साहेब येतील!"

"मारायला नेऊ?" त्यांनी कुदळ पाठीला बांधली. "घरी चल, पोरी. कापणीच्या आत पोचायचंय."

आम्ही रिकाम्या हातांनी परतलो आणि आमच्या तुकड्यात गुडघ्यांवर रांगलो. मांडीएवढं गवत बोटांनी बाजूला करत, वीत वीत. आणि होती! पक्ष्यांनी पुरून विसरलेल्या अक्रोडांची, दोन-चार पानांची पोरं होती! दर वर्षी उगवायची आणि दर वर्षी आबांचा विळा त्यांच्यावरून सपकन् जायचा. प्रत्येकाभोवती आम्ही काटेरी फांद्या रोवल्या. पोरं लहान असेतो त्या तुकड्यात ना विळा, ना गुरं, असं ठरलं. चारा नाही म्हणून एक गाय एजेच्या सासरी गेली; आबा तिला फाटकापर्यंत पोचवून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

गाव हसलं. "काय ताशतेमीर, विळा गंजला की काय?" आबा तोंडातल्या तोंडात काही म्हणायचे. ते मी इथं लिहीत नाही!

साहेब आले. आत शिरताच त्यांची विजार टरकन् फाटली. ते काही बोलणार, एवढ्यात आबांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं आणि गवत बाजूला केलं. साहेब बराच वेळ तसेच उकिडवे. मग पुढच्या काट्यांपाशी गेले. मग त्याच्या पुढच्या.

"राहू दे तुकडा," उठत ते म्हणाले आणि बाहेर पडायला लागले.

"साहेब, पाय!" आबा गरजले.

साहेबांनी पाय हवेतच थांबवला. खाली एक तांबूस पान वर येत होतं, आमच्या कोणाच्याच नजरेस न पडलेलं.

तेव्हापासून आमच्या तुकड्यात सगळे चवड्यांवर चालतात. साहेबही!