श्वासलक्षी जास्वंद

"सर, यंत्रात काही बिघाड नाही," रेश्मा मुजावर प्रयोगशाळेच्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "तुमच्या घरच्या हवेत यामिनीमॅडमचा श्वास आहे."

डॉ. सुधन्वा केळुसकर मटकन खुर्चीत बसले. त्यांची पत्नी यामिनी जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या गॅलरीतली जास्वंद मात्र रोज सकाळी लालभडक फुलत होती. एरवी जास्वंदीनं फुलण्यात नवल ते काय! फांदी खोचावी, पाण्याचा निचरा नीट ठेवावा, पिठ्या ढेकूण लागू देऊ नये. मग फुलं देवाला वाहा, नाहीतर तेलात उकळून केसांना लावा, झाड काही हात आखडता घेत नाही. पण ही श्वासलक्षी जास्वंद होती. केळुसकर पतिपत्नींनी तिच्या जनुकांत फेरफार केला होता. एका ठरावीक माणसाची श्वासमुद्रा, म्हणजे त्याच्या उच्छ्वासातल्या वायूंचं मिश्रण, हवेत असेल तरच कळी उमलायची. नाहीतर गळून जायची. आजार आला की श्वास बदलतो, फुलं थांबतात आणि घरच्यांना वेळीच कळतं, अशी मूळ कल्पना. पहिलं झाड यामिनीच्या श्वासावर बेतलं होतं.

जन्मभर विज्ञान शिकवलेला हा माणूस वर्षभर त्या झाडाशी बोलत होता. आज शर्ट कुठला घालू, असं फुलाला विचारत होता. सांगणार कोणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

"श्वासातले सगळे वायू फुप्फुसातून येत नाहीत, सर," रेश्मा म्हणाली. जिवाणू हा तिचा विषय. "काही पोटातले जिवाणू बनवतात. तुमच्या झाडानं तसलाच एक वायू मॅडमची खूण म्हणून पकडलाय. तो बनवणारा जिवाणू आता तुमच्या पोटात आहे. तुम्ही खाता काय?"

"वरणभात आणि दही. दुसरं येतंय काय मला!"

"दही विकतचं?"

"छे! हिच्याच विरजणाचं. चमचाभर मागं ठेवायचं आणि पुढच्या दुधाला लावायचं. तेवढं मी मोडलं नाही."

"मग झालं तर. ते विरजण आहे तोवर झाड फुलणार."

केळुसकरांना हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. घरी येऊन त्यांनी वाटीभर दही अगदी सावकाश खाल्लं.

पुढं त्यांना न्यूमोनियानं गाठलं. तापाच्या ग्लानीत त्यांनी होतं नव्हतं ते सगळं विरजण कढत दुधात कालवलं. दही लागलंच नाही. त्यातले जिवाणू भाजून मेले आणि पोटातले रुग्णालयातल्या प्रतिजैविकांनी मारले. ते घरी परतले तेव्हा गॅलरीत कळ्यांचा खच पडला होता. केळुसकर खाली बसून ढसाढसा रडले. यामिनी पहिल्यांदा गेली तेव्हा भेटायला माणसं तरी आली होती.

रोज नव्या कळ्या धरत आणि गळून पडत. ते बघवेना. अखेर एका संध्याकाळी त्यांनी कुंडी ओढत जिन्यातल्या चौकात नेऊन ठेवली. माळी उचलून नेईल, असा विचार करून त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि ते जागच्या जागी थिजले. झुडपावरची एकूण एक कळी उमलली होती.

समोरच्या मालगुंडकर वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. "अगंबाई! काय बहरलीय हो!"

केळुसकरांनी डोक्यात गणित मांडून पाहिलं. जिन्यात अख्ख्या इमारतीची हवा फिरते.

"वहिनी, तुमच्याकडे दह्याला विरजण कुठलं?"

"यामिनीताईंचंच की! तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना त्यांनीच दिलंय. आता कोणाचं बिघडलं की आम्ही एकमेकींकडून नेतो. तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर कोण राहतं, हेही ठाऊक नव्हतं. यामिनी साऱ्या इमारतीत होती. नव्हती ती फक्त त्यांच्याच घरात.

ते आत गेले आणि एक वाटी घेऊन आले.

"थोडं... देता का?"

"देते की! पण असं दारातून नाही द्यायची. आत या, भावजी. पोहे टाकलेत."

इतक्या वर्षांत त्यांनी हा उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. केळुसकरांनी चपला काढल्या.