खालून येणारी ओ

हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. आयुष्यभर नगरला संस्कृत शिकवले, आजही रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचतो. या वयात असत्य सांगून मला काय मिळवायचे आहे?

रात्र नव्हती, हे आधीच सांगतो. नाताळापूर्वीची लख्ख दुपार होती. राहुरीच्या पुढचा, मुळा धरणाच्या वरच्या अंगाचा उघडा माळ होता.

माझी कन्या आराधना एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ऊर्जा व पर्यावरण संशोधन विभागाची प्रमुख आहे. धुरांड्यांतला कर्बवायू पाण्यात मुरवून खोल काळ्या कातळात सोडायचा, म्हणजे तो तिथेच दगड होऊन राहील, असा तिचा प्रयोग. त्यासाठी माळावर बोअर घेतली होती. बोअरच्या तोंडाशी, जमिनीच्या पोटात, काँक्रीटची खोली बांधली होती. तिला सगळे चेंबर म्हणत.

या वायूला रंग नाही, वास नाही. जड असल्याने तो खोलगट जागी साचतो आणि माणसाला कळण्याआधी त्याला संपवतो.

म्हणून आराधनेने एक नियम घातला होता. उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा. वरच्याने त्याच्या नावाने हाक मारत राहायचे, खालच्याने ओ देत राहायचे. ओ आली नाही, की त्याच क्षणी दोर ओढायचा.

मी प्रार्थनेवर ठेवतो तेवढा विश्वास तिने त्या नियमावर ठेवला होता.

त्या दुपारी मी तिच्यासाठी डबा घेऊन गेलो होतो. खालचा एक व्हॉल्व्ह गळत होता. आधी वायूचे मापकयंत्र खाली सोडून पाहिले. दिवा हिरवाच होता. मग तंत्रज्ञ सहादेव शिडीवरून उतरू लागला.

"सर, डब्यात मटकी हाय, वास आलाय मला," तो हसत म्हणाला. "मी वर येईस्तोवर झाकण उघडायचं न्हाई. मॅडम, सरांवर ध्यान ठेवा!"

"तू कामावर ध्यान ठेव," आराधना म्हणाली.

खाली पान्याचा आवाज सुरू झाला. टण्... टण्...

"सहादेव!"

"आलो, मॅडम."

पुन्हा टण्... टण्...

मग तो आवाज थांबला.

"सहादेव!"

"आलो, मॅडम."

"पाना का थांबला रे?"

"आलो, मॅडम."

आराधना हसली. "भूक लागली असेल याला."

मी मात्र हसू शकलो नाही. काहीतरी उणे होते. काय, ते उमगत नव्हते. दोर सैल पडला होता. शिडीवर पाऊल वाजत नव्हते.

तिने पुन्हा हाक मारली. तिची हाक त्या काँक्रीटच्या पोटात घुमली, भिंतींवर आदळून परत आली.

मग ओ आली... आणि ती घुमली नाही.

कोणी कानाशी येऊन बोलावे, तशी ती कोरडी होती.

"आराधना, दोर ओढ!"

"बाबा, तो बोलतोय ना!"

"ओढ म्हणतो ना!"

कप्पी करकरली. आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढले. सहादेव वर आला तो मान टाकलेला, ओठ निळे पडलेला. आराधनेने त्याच्या तोंडात श्वास फुंकला. पुन्हा. पुन्हा. मी गुडघ्यांवर बसून प्रभूचे नाव घेत होतो.

अखेर त्याची छाती हलली.

आणि त्याच वेळी... आमच्या पाठीमागून... चेंबरमधून...

"आलो, मॅडम."

नगरच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला. डोळे उघडतो, पाणी पितो. बोलत नाही. नावाने हाक मारली तर नुसता दाराकडे पाहतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही. खाली उतरल्यावर थोड्याच वेळात तो कोसळला असणार.

मग ओ कोण देत होते?

आराधना रोज माळावर जाऊन हाक मारू लागली. रोज ओ येई. तिची झोप गेली, अन्न तुटले. "बाबा, माझ्या नियमानेच मला थांबवून ठेवले," एवढेच ती म्हणे.

वरून आदेश आला: चेंबर काँक्रीटने भरून बंद करा. त्या कागदावर प्रमुख म्हणून तिची सही हवी होती.

काँक्रीटची गाडी आली त्या सकाळी सहादेवची आई, गोजरबाई, चेंबरच्या तोंडाशी बसली होती.

"मॅडम, बुजवू नगा. दवाखान्यात निसती कुडी हाय. माझं लेकरू हितं हाय."

"मावशी, उठा. आत कोणी नाही."

"न्हाई कसं? ऐका तुमी." म्हातारी वाकली. "सहादेवाऽ! वर ये रं, बाळा!"

गाडीचा ड्रम घरघरत फिरत होता. चालकाने तो थांबवला. क्षणभर माळावर वारासुद्धा नव्हता.

"आलो, आय..."

चालक गाडी मागे घेऊन निघून गेला. पण मी जागचा हललो नाही. कारण मला दुसरेच काही कळले होते.

यावेळी ती ओ घुमली होती. भिंतींवर आदळून, जिवंत माणसाची घुमावी तशी.

आराधनेने सही केलेली नाही. सोमवारी तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावून ती स्वतः खाली उतरणार आहे. "माझ्या माणसाला मीच पाठवले होते, बाबा. आणायलाही मीच जाईन." मी पाया पडायचा बाकी राहिलो. ती ऐकत नाही.

दोर माझ्या हातात असेल. नियमाप्रमाणे मी तिच्या नावाने हाक मारीन, आणि खालून ओ येईल. ती येईल, याविषयी मला शंका नाही.

पण आता तीही घुमेल.

मग दोर केव्हा ओढायचा, हे मला कोण सांगणार?