ओहोटीची शिकवणी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ना भावकीनं, ना गावानं. बाई एकटी राहून भ्रमली म्हणाले. तू तरी ऐक, कमळ. हसायचं असेल तर आत्ताच उठून जा.

घरधनी गेले त्याला दोन वर्षं झाली होती. ते बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. दांडी पुढंमागं सरकवायचा तो लांब पितळी बाजा. घरात कधी फुंकला नाही. पण ओहोटीच्या वेळेला रात्री उठून पुसत बसायचे, कोरडा असला तरी. विचारलं की अजून जोरानं पुसायचे. ते गेल्यावर बाजा भिंतीवर राहिला आणि मी त्याच्याखाली.

ते गेल्यापासून दीर रावजी बँडचा मालक. म्हणाला, "वैनी, वाजवणारा न्हाय तर अडवून कशाला ठेवतेस? माघातल्या लग्नांना नेतो."

"मी वाजवीन."

"तू? चुलीची फुंकणी हाय का ती?"

म्हणून शिकवणारा शोधायला निघाले. मुरूडला विचारलं, दिवेआगरला विचारलं. बाईला कोण शिकवतो?

सन अठ्ठावन्न, कार्तिकातली अवस, दिवेलागण. दिघीहूनही नकार घेऊन आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरले. पुरी ओहोटी. पायरीवर एक माणूस बसला होता, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. माझ्या पाठीवरचा बाजा बघून म्हणाला, "मी शिकवतो. वेळ ठरवायची न्हाय. ओहोटी असली की ये. मन लागलं तर वाजव, न्हाय लागलं तर नुसती बस."

"आन् तुला काय देऊ?"

"बस थोडी. मला सोबत न्हाय."

नाव सांगितलं अंबाजी. दोन महिने गेले. माझं चुकलं की म्हणायचा, "म्हशीला ताप आला वाटतं." मी हसायची. दोन वर्षांत पहिल्यांदा. पाणी चढू लागलं की म्हणायचा, "तू जा." स्वतः बसून राहायचा. धक्क्यावरची माणसं म्हणत, एकटीच बडबडतेस. मी लक्ष दिलं नाही.

पौषातल्या अवसेला, दिवा लावला आणि रावजी बाजा न्यायला आला. मी वरातीची चाल वाजवली. त्याचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"ही उचल, सूर उचलायची ही तऱ्हा... अंबाजीची. कोणी शिकवली?"

मी सांगितलं. तो खाली बसला.

"आपल्या बँडातला तो. तू लगीन करून यायच्या आधीच गेला, नऊ वर्षं झाली, वैनी. सारा बँड दिघीचं लगीन वाजवून होडीनं येत होता. वारा सुटला. होडी जड झाली. बाजे भिजतील म्हणून त्याला वाळूच्या पट्ट्यावर उतरवला. ओहोटी होती. परत न्यायला येतो म्हटलं..."

"आन्?"

"भरती आधी आली."

"उतरवला कोणी?"

"मोरू तांडेलानं," म्हणाला. पण डोळे बाजावर.

मी बाजा घेऊन धक्क्यावर धावले. पायरी रिकामी.

"मास्तर, कोणी उतरवलं?"

पायरीखाली उतरून बघितलं.

चिखल. अंधार...

हातातला बाजा ठिबकायला लागला. फुंकलाही नव्हता. बोट लावून चाटलं.

खारट.

मास्तर पुन्हा आला नाही. रावजीनं बाजा मागितला नाही. ओहोटीला तो अजून ठिबकतो. खाली बघ, मिठाचा पांढरा डाग. पुसला तरी उमटतो.

गाव मोरूला बोल लावतं. मोरूनं नुसतं सुकाणू धरलं होतं. त्या रात्री होडीत हुकूम कोणाचा चालत होता, ते मला भिंतीवरच्या बाजानं सांगितलं; ओहोटीला रात्री उठून तो पुसणारा एकच होता. आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नाही. मी आज घेते.

धर्माजी.