दोन फटकाऱ्यांची मुलगी

न विचारता कुणी माझा फोटो काढला तरी मला राग येतो, आणि या माणसाने तर मला चक्क रंगवलं होतं. एप्रिलमधली सकाळ, जर्सी सिटीतला नदीकाठचा रस्ता, आणि गार वारा असा की कान बधिर व्हावेत. मी स्टेशनकडे धावत होते. कठड्याजवळ एक तरुण ईझल लावून चित्र रंगवत उभा होता. जाता जाता मी सहज त्या चित्रात डोकावले... नदीपलीकडचं मॅनहॅटन पाकात विरघळत असल्यासारखं दिसत होतं, आणि अलीकडच्या रस्त्यावर एक ओला नारिंगी डाग होता. अगदी माझ्या रेनकोटच्या रंगाचा.

ही मी आहे का, असं मी इंग्रजीत विचारलं. त्याने मान डोलावली.

“कमाल आहे या लोकांची,” मी मराठीत पुटपुटले, तर तो हसला.

“तूच आहेस. टू स्ट्रोक्स,” तो चक्क मराठीत म्हणाला.

एक तर ओळखदेख नसताना ‘तू’. त्यावर दोन फटकारे! पाच फूट चार इंच उंचीची, एकोणतीस वर्षांची, नागपूरहून इथे येऊन बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मृणालिनी या माणसाने ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत उरकली होती. मी त्याला ते पुसायला सांगितलं. त्याने लगेच रंगाची सुरी घेतली आणि मला खरवडून काढलं. तेही मला आवडलं नाही. निदान थोडा हट्ट तरी करायचा.

त्याचं नाव कबीर. इथून जवळच्याच एडिसन गावी जन्मलेला, शाळेत चित्रकला शिकवायचा आणि शाळा भरण्याआधी रोज इथे येऊन रंगवायचा. मी भांडत राहिले, माझी ट्रेन चुकली, आणि तो मात्र शांतपणे समजावत राहिला. तो म्हणे वस्तू रंगवतच नाही, वस्तूंवर पडलेला उजेड रंगवतो. सावलीत काळा वापरत नाही, जांभळा वापरतो. वीस मिनिटांत उजेड बदलतो, मग तो कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. जुन्या फ्रेंच इम्प्रेशनिस्टांची रीत, आणि शहर बघायची हीच खरी पद्धत, असं त्याचं ठाम मत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला नाकडोळे नसतात, असंही म्हणाला. मी म्हटलं, मला आहेत.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर निघाले. फक्त भांडायला! तिसऱ्या दिवशी दोन कॉफ्या घेऊन गेले, कारण उपाशीपोटी नीट भांडता येत नाही. तो ब्रश कानामागे खोचायचा, त्यामुळे त्याच्या कानाची पाळी कायम जांभळी असायची. ती पुसावीशी वाटायची आणि मी हात खिशात घालायचे. दहाव्या दिवशी भांडायला काही उरलं नाही... आणि तरीही मी गेले. ऑफिसला जायच्या प्रत्येक दिवशी गेले. जून उजाडला, तरी कबीर मनातलं एक अक्षर बोलला नाही.

इकडे बाबांचा धीर संपत आला होता. विमानाने चार तासांवरच्या फ्रिस्को शहरातल्या देवदत्तचं स्थळ मी दोनदा पुढे ढकललं होतं. चांगली नोकरी, स्वतःचं घर, माणूसही सभ्य. आता तो रविवारी इथल्या माझ्या नीनामावशीकडे जेवायला येणार होता आणि तिथेच मला हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हणायला मी एका पायावर तयार होते, पण कुणाच्या जोरावर? रविवारच्या आत कबीरने काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी मुद्दाम त्याला सगळं सांगितलं, फ्रिस्कोच्या घरासकट.

“ओह,” कबीर म्हणाला, आणि पॅलेटवर पांढरा रंग पिळू लागला. त्या दिवशी मी ऑफिसात तीन जणांवर उगाच डाफरले.

शनिवारी सकाळी एडिसनला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. चित्रांत मी आहे, असं मी आधीच सगळ्यांना सांगून बसले होते, आणि तिथेच चुकले. नीनामावशी नवा चष्मा लावून आली. कबीरच्या आईने, विनीताकाकूंनी, मला हाताला धरून एका चित्रापुढे नेलं आणि कौतुकाने एका नारिंगी त्रिकोणावर बोट ठेवलं. ही बघा आमची मृणालिनी, म्हणाल्या. मागून एक काका पुढे वाकले, त्यांनी नीट निरखून पाहिलं.

“हा तर ट्रॅफिक कोन आहे,” ते म्हणाले.

खरंच होता. रस्ता अडवायला ठेवतात तसला, पांढऱ्या पट्ट्यासकट. सगळे हसले, मावशीसुद्धा. मी नऊच्या नऊ चित्रं पालथी घातली. फेरीबोट होती, पक्षी होते, धावणारी माणसं होती. मी कुठेच नव्हते. दोन महिने वाऱ्यात उभी राहिले, आणि माझ्या नावाचा एक ठिपका नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. मी कबीरला बाहेर पार्किंग लॉटमध्ये नेलं.

“नऊ चित्रांत चार कुत्री आहेत,” मी म्हणाले. “मी कुठे आहे?”

तो सरळ आपल्या गाडीकडे गेला आणि त्याने डिकी उघडली. आत कॅनव्हासच कॅनव्हास. एकेक करून तो मला दाखवू लागला. एकाचं आकाश झालेलं, एकाचं अर्धं पाणी, खाली सगळी कोरी जागा. एकही पूर्ण नव्हतं.

“तू यायचीस ना, त्या दिवसांची आहेत ही,” कबीर म्हणाला. “लाइट वीस मिनिटं असतो. मी तुझ्याकडे बघत बसायचो... आणि तो जायचा. हॉलमधली सगळी वीकएंडची आहेत, आणि तुझ्या वर्क फ्रॉम होमची.”

“पहिल्या दिवशी बरी जमले होते मी.”

“तेव्हा ओळखत नव्हतो. आता टू स्ट्रोक्समध्ये नाही जमत तू.”

मी बाहीने डोळे पुसले, आणि त्याचाही मला राग आला.

“मग हे बोलायला काय झालं होतं? उद्या रविवार आहे, कबीर.”

“तू म्हणालीस, त्याचं घर आहे तिकडे. सेटल्ड आहे. मला वाटलं, आपण मध्ये यायला नको.”

म्हणजे माझ्या आयुष्याचा निर्णय या माणसाने पॅलेटवर पांढरा पिळता पिळता परस्पर घेऊन टाकला होता. वर त्याला तो समजूतदारपणा वाटत होता.

“यायचं होतंस मध्ये,” मी म्हणाले. “मी रोज कशाला येत होते, मॅनहॅटन बघायला? मला तू आवडतोस. मी हे काय ओरडून सांगायला हवं होतं?”

“तू ओरडतेच आहेस, यार,” तो हळूच म्हणाला. मग त्याने हातातला कॅनव्हास खाली ठेवला आणि रंगाचे डाग राहिलेल्या बोटांनी माझा हात धरला. “मला तू हवी आहेस. रोज. एकही चित्र पूर्ण नाही झालं तरी चालेल.”

मी हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने बाबांना फोन लावला. नागपूरला रात्रीची जेवणं नुकतीच आटोपली होती. देवदत्तचं विमान संध्याकाळचं आहे, त्याला आत्ताच कळवा आणि माझ्या वतीने माफी मागा, असं मी सांगितलं. बाबांनी विचारलं, तू रडतेयस का.

“नाही, बाबा. मी चिडलेय.”

“कोणावर?”

मी कबीरकडे पाहिलं.

“ज्याच्याशी लग्न करायचंय, त्याच्यावर.”