जोसायाचं तर्पण

दिवा राहू द्या. वैभवी, हसू नकोस. पीएचडी झालेल्या म्हाताऱ्यालाही भीती वाटते. आणि हे माझ्याबाबतीत घडलेलं नाही. माझा मित्र डॉ. चंद्रशेखर, आमचा शेखर. बर्मिंगहॅमला भूलतज्ज्ञ होता, रिटायर होऊन श्रॉपशरमधल्या एका खेड्यात राहिला. तो खोटं बोलणारा नव्हे. सांगण्यात चूक झालीच तर ती माझी.

२२ सप्टेंबर २००६, शुक्रवार. अमेरिकेतल्या एका बाईंना वंशावळ पूर्ण करायची होती. त्यांचा पूर्वज जोसाया याच खेड्यातून केंटकीच्या जंगलात वस्ती करायला गेला, मका पेरून, भाजून जगला आणि तिथेच नाहीसा झाला. प्रेतही मिळालं नाही. त्याच्या बापाचं, आजोबाचं नाव चर्चच्या जुन्या वहीत पाहायचं होतं. शेखर अशी कामं हौसेने करायचा. साडेसहाला त्याने इन्शुलिन टोचून घेतलं. "पानं घे, अर्ध्या तासात आलोच," असं सुलक्षणावहिनींना सांगून चर्चमागच्या खोलीत गेला.

नावं सापडली. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. सकाळीच त्याने वडिलांचं तर्पण केलेलं. तीच लय जिभेवर. त्याने मोठ्याने वाचलं, "जोसाया, एडवर्ड, टॉमस..." आणि तोंडून निघून गेलं, "तर्पयामि."

"म्हणजे काय, काका?"

तृप्त करतो. असं म्हणून पाणी सोडायचं असतं गं. याने नुसतंच म्हटलं.

तो निघाला. किल्ली फिरली. दार हललं नाही. भिंती हातभर जाड, मोबाइलला सिग्नल नाही. त्याने हाका मारल्या, दार बडवलं. पाऊण तास गेला. मग दिवा गेला. हात थरथरू लागले, घाम फुटला. डॉक्टरच तो, त्याला कळलं. साखर उतरत होती. आता पंधरा मिनिटं... फार तर वीस.

"हायपो, काका," वरद म्हणाला. "मग भास होणारच. सिंपल."

असेल रे. मलाही दिवसा तसंच वाटतं.

खिशात ज्यूसचा छोटा खोका होता. एवढाच आधार. त्याने तो फोडला, तोंडाशी नेला...

समोर, त्या अंधारातही दिसणारी, ओंजळ होती.

फक्त ओंजळ. भेगाळलेली. कोरडी.

"हे माझं आहे," शेखर म्हणाला.

ओंजळ हलली नाही.

"मी मरेन..."

...

त्याने ओतलं. सगळं. फरशीवर थेंब पडल्याचा आवाज आला नाही.

पुढचं त्याला आठवत नाही.

आठ वाजता वहिनी शेजाऱ्याला घेऊन पोचल्या. दार सताड उघडं. शेखर भिंतीला टेकून बसलेला, शुद्धीत. वहिनींनी तिथेच बोट टोचून साखर पाहिली. तिकडच्या मापाने सात पॉइंट दोन, म्हणजे आपल्याकडचे एकशेतीस. अगदी व्यवस्थित.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

बोलता बोलता जीभ दाढेशी गेली. बोट घालून त्याने काहीतरी काढलं आणि वहिनींच्या तळहातावर ठेवलं.

मक्याचा दाणा. लालभडक, निखाऱ्यावर भाजलेला.

अजून गरम होता.