गेन्चोचा जोर

आमच्या विदिन शहरात डॅन्यूब नदीवरून गार वारा यायला लागला, की घरोघरी तळघरात कोबीचं पीप भरतात. खारवलेल्या कोबीवर नदीतला मोठा दगड ठेवायचं काम माझ्या नवऱ्याचं, गेन्चोचं. बंदरावर पोती वाहिलेला माणूस तो. माझी बोटं संधिवाताने वाकडी. "त्स्वेतानाबाई, तुझ्याच्याने बरणीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे.

यंदा त्याच्या पित्ताशयात पू झाला, विष रक्तात भिनलं आणि तो अतिदक्षता विभागात जाऊन पडला. ताप उतरला, श्वासाची नळीही निघाली, पण अंगात त्राण म्हणून उरलं नाही. त्याच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या. "अशा आजारात शरीर स्वतःचेच स्नायू खातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचा हात धरून बसत जा. दाबायला सांगा." मी रोज दुपारभर धरून बसायचे.

एके दिवशी घरी मिरच्यांच्या बरणीचं झाकण सहज फिरलं. मग बोटांचं दुखणं गेलं. मग तो दगड मी एका हाताने उचलून पिपावर ठेवला. जिना चढताना मी चक्क गुणगुणत होते. माझी मलाच लाज वाटली.

पुढे मला सर्दी झाली म्हणून काही दिवस मी त्याच्याकडे गेले नाही. बोटं पुन्हा वाकली. तेवढ्यात नर्स रोसित्साचा फोन आला. "मावशी, काकांनी आज स्वतः चमचा धरला. असंच राहिलं तर चालायला लागतील बघा."

त्याने चालावं म्हणून मी सर्दी लांबवली. शेजारची पेन्का म्हणाली, "नवरा तिकडे एकटा पडलाय आणि तुझी सर्दी काही सरत नाही होय गं?" तिला काय सांगणार? शेवटी गेले, पण दारातच थांबले, हात कोटाच्या खिशात घालून.

गेन्चो उशीला टेकून बसला होता. "लांब का उभी? हात दे."

"गार आहेत रे."

"काका, दाखवा मावशींना तुमचा जोर," म्हणत रोसित्साने मला पलंगाशी नेलं, माझा हात खिशातून ओढून त्याच्या हातात दिला आणि ती पलीकडच्या रोग्याकडे वळली.

त्याने दाबला. चांगला दाबला.

मग त्याचं एकेक बोट सैल पडत गेलं. माझ्या कोपरापर्यंत ऊब चढली.

"त्स्वेताना," तो हळूच म्हणाला, "सोड."

मला ऐकू आलं. शरमेने मान वर होईना.

खुर्ची लांब होती. मी मोकळ्या हाताने तो लोखंडी पलंगच, त्याच्यासकट, खुर्चीजवळ ओढून घेतला.