पोकळीतले पाहुणे

फोनवर धाकटी नुसती रडत होती. भिंगताईने दोनदा हळू विचारलं, मग आवाज चढवून विचारलं, तेव्हा कुठे शब्द फुटला.

"ताई, सगळे गेले. पांढरी पूड झालीय."

भिंगताईने चहा तसाच टाकला आणि निघाली.

संस्थेतलं क्ष-किरण यंत्र तिच्या ताब्यात होतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची, म्हणून पोरांनी भिंगताई हे नाव पाडलं आणि तिनेही ते गोड मानून घेतलं. धाकटी ही प्रयोगशाळेतली सर्वांत लहान संशोधक. वर्षभर खपून तिने एक कुपीभर स्फटिक वाढवले होते. सत्रान्ताची सुट्टी संपून आज, सोमवारी, त्यांची मोजणी व्हायची होती.

ते स्फटिक साधे नव्हते. धातूचे अणू म्हणजे गाठी आणि कार्बनचे लांब रेणू म्हणजे काठ्या, अशी ती उभी केलेली जाळी. आत सगळ्या रिकाम्या खोल्या. त्या खोल्यांत कारखान्याचा विषारी वायू धरून ठेवता येईल, असा धाकटीचा दावा होता. पण जाळी जेवढी ऐसपैस, तेवढी नाजूक. खोल्यांत द्रावक भरलेलं असतं तोवर भिंती उभ्या. ते उडून गेलं की सगळं घर खाली बसतं. म्हणून स्फटिक द्रावकात बुडवून, टोपण घट्ट लावून ठेवायचे.

भिंगताईने कुपी हातात घेतली. टोपण जागेवर होतं, पण अंगठ्याने ढकलल्यावर गर्रकन फिरलं. काचेवर आतून वाळलेली वर्तुळं होती, एकाखाली एक.

"हे एका रात्रीतलं नाही," ती म्हणाली. "टोपण सैल राहिलं आणि द्रावक रोज थोडं थोडं उडालं. सुट्टीत आली होतीस?"

"एकदा. चार्जर न्यायला. कुपीला हातही लावला नाही."

"सूक्ष्मदर्शकाचा दिवा एवढा कुणी लावलाय?"

बटण शेवटच्या टोकाला होतं. धाकटीने डोळे पुसून पाहिलं.

"मी तर निम्म्यावर ठेवते. याच्यापुढे डोळे दिपतात."

एवढ्यात संचालक आले. त्यांना घाई होती आणि त्यांचं मत आधीच तयार होतं.

"मॅडम, यात काय शोधायचंय? दावा पोकळ होता. मोजणी तोंडावर आली, तेव्हा पुरावाच नाहीसा केला. गुरुवारी समिती बसेल. तोवर हिने कुठल्याही कपाटाला हात लावायचा नाही."

धाकटीचा चेहरा पार उतरला. समितीने तसं ठरवलं तर तिचं संशोधन संपलंच, शिवाय खोटारडी हा शिक्का जन्मभराचा.

"मला गुरुवारपर्यंत कुपी द्या," भिंगताई म्हणाली.

"पुडीत काय दिसणार तुम्हाला?"

"बघते ना."

खोलीचं दार कुणी फोडलं नव्हतं. कुलूप जुनंच, कित्येक वर्षांत न बदललेलं. भिंगताई फाटकावर गेली. तिथल्या पहारेकरीकाकांना सगळे ओळखत आणि तेही सगळ्यांना.

"काका, सुट्टीत आत कोण कोण गेलं?"

"धाकट्या मॅडम एकदा. दहा मिनिटांत बाहेर."

"आणखी?"

"नाही. बाहेरचं कुणी नाही आलं. मी डोळ्यांत तेल घालून बसलोय."

संध्याकाळी ती सरांकडे गेली. काही अडलं की तिची पावलं तिकडेच वळत. या संस्थेत जाळीदार स्फटिकांचं काम सुरू केलं ते सरांनी. ती त्यांची पहिली विद्यार्थिनी. वडील गेले त्या वर्षी तिला सावरलं ते सरांनी, तिच्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले तेही सरच. निवृत्त झाले तरी रोज संस्थेच्या आवारात त्यांची एक फेरी असायचीच.

घरात नेहमीचा वास होता, जुन्या पुस्तकांचा, औषधांचा, सांधेदुखीच्या मलमाचा. बाहेर अजून चांगला उजेड असताना आत दोन दिवे लागलेले.

"हा बिस्किटांचा डबा तेवढा उघड गं," सर म्हणाले. "बोटं ऐकत नाहीत हल्ली."

तिने डबा उघडला आणि सगळं सांगितलं. सर खाली बघून ऐकत होते.

"पोरीचा हलगर्जीपणा असेल. या पिढीला धीर कुठे आहे?"

"ती तशी नाही, सर."

"तुझा जीव जडलाय तिच्यावर. समितीवर मीही आहे. पुरावा बघून बोलू."

मंगळवारी भिंगताईने ती पूड भिंगाखाली कणाकणाने चाळली. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आणि तळाच्या कोपऱ्यात, चिकट ओलीत, एक कण चमकला. धारदार कडांचा, आरपार स्वच्छ.

बाकी सगळे कोसळले, मग हा एकटा का उभा राहिला?

तिने त्याला तेलाच्या थेंबात उचललं, केसाएवढ्या बारीक फासात अडकवलं आणि यंत्राच्या थंडगार झोतात धरलं. क्ष-किरणांचे ठिपके पडू लागले. बुधवारी सकाळी पडद्यावर जाळी उभी राहिली. धाकटी खरं बोलत होती. गाठी, काठ्या, खोल्या, सगळं तिने सांगितलं तसंच होतं.

फक्त खोल्या रिकाम्या नव्हत्या आणि त्यांत द्रावकही नव्हतं. मोठ्या खोलीत एक पाहुणा ऐटीत बसला होता. तिने अणू जुळवत नेले आणि थांबली. मेंथॉल. पुदिन्याच्या अर्कातलं.

प्रयोगशाळेत पेपरमिंटच्या गोळ्या चघळणारा एकच जण होता. सर्वांत जुना विद्यार्थी, ज्याला सगळे मोठा म्हणत. आताही त्याच्या गालात गोळी होती.

"सुट्टीत कुठे होतास?"

"बहिणीकडे. दुसऱ्या गावाला."

"धाकटीच्या स्फटिकांबद्दल काय वाटत होतं तुला?"

तो हसला, पण मनापासून नाही.

"खरं सांगू? जळफळाट झाला होता. माझी पाच वर्षं गेली, हाताला काही लागलं नाही. पण ताई, वर्षभर ती त्या कुपीपाशी लहान मुलापाशी बसावं तशी बसलेली मी पाहिलीय. तिला कोण हात लावेल?"

"कुपी कधी उघडलीस?"

"कधीच नाही. बहिणीला फोन लावून देऊ?"

त्याने लावूनही दिला. तो आठवडाभर तिथेच होता.

भिंगताई पडद्यापुढे परतली. लहान खोलीत आणखी काहीतरी होतं. सपाट, सहा कोनांचं, भिंतीला चिकटून बसलेलं. दुपारपर्यंत तेही जुळलं. तिने नाव वाचलं. हे गोळीत नसतं. हे त्या मेंथॉलबरोबर एकाच ठिकाणी हमखास सापडतं.

तिने यंत्र बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेली. फोन कुणालाच केला नाही.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत संचालक होते, सर होते. भिंतीलगतच्या खुर्चीवर धाकटी, रात्रभर झोपली नसावी अशी.

"बोला मॅडम," संचालक म्हणाले. "पुडीत काय दिसलं?"

"एक स्फटिक वाचला होता. जाळी खरी आहे. हिने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे."

"मग टोपण सैल कुणी केलं?"

"तेही त्याच स्फटिकाने सांगितलं. त्याच्या एका खोलीत मेंथॉल आहे. मला आधी वाटलं, मोठ्याची गोळी. पण दुसऱ्या खोलीत विंटरग्रीनच्या तेलातला रेणू आहे. ही जोडी सांधेदुखीच्या मलमात असते. बोटांना मलम होतं, टोपण उघडताना ते त्याला आतून लागलं. द्रावक उडत गेलं तसं मलम उरलेल्या थेंबात उतरलं आणि तळाचा हा स्फटिक ते प्यायला. ते सहजासहजी उडत नाही. म्हणून याच्या भिंती राहिल्या."

संचालक खुर्चीत पुढे सरकले.

"दिवा शेवटच्या टोकाला होता. ज्याला उजेड पुरत नाही, असं कुणीतरी भिंगातून बघत होतं. टोपण लावलं होतं, पण घट्ट नाही. ज्याच्या बोटांत आता जोर नाही, असं कुणीतरी. कुलूप तोडलं नाही, म्हणजे किल्ली होती. सगळ्यांच्या किल्ल्या निवृत्तीच्या दिवशी परत घेतात. एकाची कुणी मागितलीच नाही, कारण मागायची कशी, असं सगळ्यांना वाटलं. काका म्हणाले, बाहेरचं कुणी आलं नाही. काल जाताना पुन्हा विचारलं, सर आले होते का? तर म्हणाले, सर म्हणजे काय बाहेरचे?"

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं सुजलेली होती.

"तीस वर्षं ती जाळी मी कागदावर काढली," ते म्हणाले. "प्रत्यक्षात काठ्या लांब केल्या की कोसळायचीच. हिची उभी राहिली असं ऐकलं. मला नुसतं बघायचं होतं."

"विचारायचं होतंत, सर."

"काल आलेल्या पोरीला विचारू? मी?" ते थांबले. "टोपण लावलं होतं गं. मला वाटलं, लागलं."

"आणि सोमवारी मी सगळं सांगितलं तेव्हा?"

सरांनी हात टेबलावरून मांडीवर घेतले.

"मी समोर बसले होते. तुम्ही हलगर्जीपणा म्हणालात."

"लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने जळून केलं. माझ्याजवळ दुसरं काय उरलंय, नावाशिवाय?"

"म्हणून हिच्या नावावर खापर फुटू दिलंत."

भिंतीलगतची धाकटी तेव्हा पहिल्यांदा बोलली, अगदी हळू.

"सर, मोजणीला मी तुम्हालाच बोलावणार होते. भिंगताईंनाही सांगितलं नव्हतं. जाळी पडद्यावर आली की पहिल्यांदा तुम्ही बघावी, असं होतं मनात. कल्पना तुमची होती ना."

सरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. खांदे तेवढे हलत होते. भिंगताईला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, आणि ती उठली नाही. आत काहीतरी कायमचं तुटलं होतं आणि ते तिला सहन होत नव्हतं.

संचालकांनी घसा खाकरून धाकटीची माफी मागितली, तिच्यावरचा आरोप मागे घेतला. सरांना गाडीपर्यंत सोडायला ते स्वतः गेले.

व्हरांड्यात दोघीच उरल्या.

"स्फटिक पुन्हा वाढवू," भिंगताई म्हणाली. "लागेल ते सगळं मी बघते."

धाकटी तिच्याकडे पाहत होती.

"ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. आज सकाळी, एवढं म्हटलं की झालं.

"काल दुपारी."

"मग मला फोन?"

"एक रात्र तरी ते माझे सर राहावेत, असं वाटलं."

धाकटीने मान हलवली, समजल्यासारखी.

"काल रात्री मी बॅग भरली. आईला फोन करून सांगितलं, मी परत येतेय. आईने विचारलं, खरंच केलंस का गं तू? मी नाही म्हटलं, तर ती काही बोललीच नाही. माझ्या आईलाही खात्री वाटेना." ती थांबली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."



धाकटी रागावली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पदराआड घेणाऱ्या माणसावर आपण किती विसंबून होतो, ते एकदा मोजून घ्यावं, तशी ती जरा वेळ उभी राहिली. मग जिना उतरून गेली.

भिंगताईने हाक मारायला तोंड उघडलं. पण आता हाक मारली तर ती कोणत्या नात्याने मारायची, हेच तिला कळेना.